भिंतीपलीकडची शेळी आणि माझं वजन

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर ज्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे, त्यांना मी त्या फ्रॉकमध्ये लगोरी खेळायच्या तेव्हापासून ओळखतो. त्यामुळे मी काट्यावर उभा राहिल्यावर त्यांनी नुसत्या भुवया वर केल्या, तरी मला चारचौघांत कान धरल्यासारखं झालं. रक्ताचा रिपोर्ट वाचून त्या म्हणाल्या, "काका, साखर उंबऱ्यावर येऊन बसलीय. आत घ्यायची का बाहेर घालवायची, तुम्ही ठरवा."

बाहेरच घालवायची, हे मी लगेच सांगून टाकलं. मग मुद्द्याचा प्रश्न विचारला. दिवसातून खायचं किती वेळा?

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझी घोर निराशा झाली. वेळा किती हे तितकं महत्त्वाचं नाही, म्हणाल्या. दिवसभरात एकूण काय आणि किती पोटात जातं ते बघा. दोनदा खाऊन जमत असेल तर दोनदा, तीनदा जमत असेल तर तीनदा. जे वर्षभर कुरकुर न करता पाळता येईल आणि घरातल्यांनाही झेपेल, ते निवडा.

आता हे काय उत्तर झालं? मी फी देऊन हुकूम घ्यायला गेलो होतो. 'तुमचं तुम्ही ठरवा' हे ऐकायला दवाखान्यात कशाला जायला पाहिजे, ते आमची बायको घरी फुकट ऐकवते.

मग मी हुकूम देणारा माणूस शोधायला लागलो. माझं दुचाकीच्या पार्टचं दुकान आहे. तिथं क्लचप्लेट मागायला आलेला माणूस आधी तुमच्या पोटाकडे बघतो, मग सल्ला देतो, आणि क्लचप्लेट विसरून जातो. अशाच एका दंड फुगवलेल्या गिऱ्हाइकानं मला सहा वेळा खायचा मंत्र दिला. थोडं थोडं, पण सहा वेळा. म्हणजे पोटातली भट्टी पेटती राहते आणि चरबी जळते. भट्टीचं मला पटलं. दुसऱ्या दिवसापासून बायकोनं बारक्या डब्यांची चळत दुकानात पाठवायला सुरुवात केली.

पहिल्या डब्यात मोडाची मटकी होती, वाफवलेली, वर लिंबू. बिचारीनं मनापासून केली होती. पण मोडाची मटकी समोर दिसल्यावर कोल्हापूरच्या माणसाला पुढचं काय ते सांगावं लागत नाही. शेजारच्या दुकानातला एकजण म्हणाला, नुसती कशी खाताय, आणि समोरच्या मिसळवाल्याकडून कट घेऊन आला. कट आला म्हणजे फरसाण आलं, फरसाण आलं म्हणजे पाव आला. दुसऱ्या डब्यातल्या काकडीबरोबर भडंग आलं. राजगिऱ्याच्या लाह्या होत्या त्या डब्यात कुणीतरी दही आणि साखर घालून त्याची शोभा वाढवली. 'थोडं' ही गोष्ट आमच्या गावात कुणी कुणाला वाढत नाही आणि वाढली तर समोरच्याला राग येतो.

शिवाय घरची जेवणं चालूच होती. ती बंद करा असं त्या दंडवाल्यानं कुठं म्हटलं होतं? शेवटी एका दुपारी मी खाली पडलेला स्क्रू उचलायला वाकलो आणि पँटचा हूक सुटून उडाला तो थेट वॉशरच्या डब्यात. तो शोधायला गिऱ्हाइकाला थांबवून ठेवावं लागलं. घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "अहो, सहा वेळा म्हणजे एकूण सहा. नेहमीची जेवणं आणि वर सहा, असं नव्हे." मी तिला म्हटलं, हे तू आधी सांगायला हवं होतंस.

सहाचा नाद सोडला आणि गाडी दोनवर आणली. त्याला कारण आमचे अण्णा.

अण्णांचं दुकान माझ्या दुकानाला लागून, हार्डवेअरचं. घराणं जैन, मूळचं शेतीतलं. अण्णा दिवस मावळायच्या आत जेवून घेतात आणि मग दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत तोंडात काही घालत नाहीत. माझ्यापेक्षा वयानं मोठे, पण पत्र्याचं अख्खं बंडल उचलून टेम्पोत टाकतात. मी म्हटलं, अण्णा, तुमचं हे मला द्या. अण्णा हसले. म्हणाले, "घे की. पण आमचं हे वजनासाठी न्हाय. आन् घेशील तर पुरतं घे, अर्धं घेऊ नको."

मी अर्धं घेतलं.

म्हणजे ठरवलं असं की एक जेवण सकाळी दुकान उघडण्याआधी आणि दुसरं संध्याकाळी पाचच्या सुमाराला, दुकानातच, डब्यातलं. बास. रात्रीचं जेवण बंद. पण अण्णा रात्री पाणीसुद्धा पीत नाहीत, ते काही मला झेपणारं नव्हतं. म्हणून मी माझ्यापुरता एक कायदा केला. जे चावावं लागत नाही ते जेवण नव्हे. हा कायदा मी एकट्यानं शोधलेला नाही, आमच्या अख्ख्या गावाचा तो आहे. म्हैस रस्त्याकडेला उभी करून समोर धार काढून घेतलेलं दूध ग्लासभर पिऊन आलेला माणूस घरी येऊन सांगतो, सकाळपासून पोटात काही नाही. रविवारी कागलकडच्या एका मित्राच्या शेतावर आमचं रस्सा मंडळ जमतं, तिथं मी नव्या कायद्यानुसार मटणाच्या फोडीकडे ढुंकून बघितलं नाही. फक्त पांढरा रस्सा प्यालो. किती वाट्या, ते विचारू नका. पिण्याच्या गोष्टी मोजायची पद्धत नाही.

आणि रात्री शेळीचं दूध.

आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे चाचांचं घर आणि त्यांचा गादी भरण्याचा कारखाना. कारखाना म्हणजे एक शेड, त्यात कापसाचा ढग आणि ढगात चाचा. त्यांची एक शेळी आहे, तांबूस रंगाची, नाकावर पांढरा पट्टा, नजर एकदम हिशेबनीस बाईसारखी. माझं वजनाचं प्रकरण कानावर गेल्यावर चाचांनी सांगितलं की शेळीचं दूध हलकं असतं, भाऊ, अंगाला लागत नाही. तेव्हापासून चाची रोज एक तांब्या भिंतीवरून देऊ लागल्या. रात्री पोटात कावळे ओरडायला लागले की मी ते दूध गूळ घालून प्यायचो. गूळ विरघळतो, म्हणजे तोही चावावा लागत नाही.

आता इथं आमच्या आबांचं सांगायला पाहिजे, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

आबा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी लाल गाडीवर ड्रायव्हर म्हणून केली. मुक्कामाच्या गाड्या जास्त. आजऱ्याकडच्या, शाहूवाडीतल्या कुठल्या कुठल्या गावांत रात्री गाडी लावायची, कंडक्टर ओळखीच्या घरी झोपायला जायचा, आणि आबा गाडीतच थांबायचे. स्टिअरिंगवर डबा ठेवून जेवायचे. रिटायर झाल्यावर ते एकदाही एकटे जेवले नाहीत. आई होती तोवर आई त्यांच्यासमोर ताट घेऊन बसायची. आई गेल्यावर मी बसायला लागलो. दुपारी गल्लीतलं कुणी ना कुणी असतंच, ती काळजी नाही. पण रात्री आमची लेक पुण्यात, बायकोच्या शिकवण्या उशिरापर्यंत. त्यामुळे आठ वाजता आबा आणि मी, दोघंच. तसा हा कार्यक्रम कित्येक वर्षं चालला होता, आणि तो कार्यक्रम आहे हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं आम्ही नुसतं जेवतो.

रात्रीचं बंद केल्याचं मी आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "कायमचं?" मी म्हटलं, साखर जाईपर्यंत. "बरं," म्हणाले. "मी माझं वाढून घेतो." मी खूश झालो. माझ्या तपश्चर्येला घरातून पाठिंबा आहे असं मी अण्णांनाही सांगितलं. आणि आठच्या सुमाराला गल्लीतल्या फोडण्यांचा वास नाकात जाऊ नये म्हणून मी दुकानातून परस्पर रंकाळ्यावर जाऊ लागलो. तिथं भेळवाल्यांकडे पाठ करून चालायचो. पाठ दोन्ही बाजूंना करता येत नाही ही तिथली अडचण होती, पण भेळ चावावी लागते, त्यामुळे तेवढी मी खरोखरच टाळली.

असं चालू असताना आबांना रक्तदाब दाखवायला नेलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांनाही काट्यावर उभं केलं. आधी मला, मग आबांना. मग परत मला. मग त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"काका, तुमच्या घरात एकाचं वजन दुसऱ्याकडे चाललंय काय?"

माझं वाढलं होतं. आबांचं उतरलं होतं, आणि थोडंथोडकं नाही. मग मी आबांकडे नीट बघितलं. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडली होती, आणि घड्याळ मनगटावरून घसरून कोपराकडे निघालं होतं. डॉक्टरीणबाईंनी आबांना विचारलं, आजोबा, रात्री जेवता ना? आबा म्हणाले, व्हय की, रोज. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मीही मान डोलावली, कारण टोपलीतली भाकरी रोज संपलेली असायची, हे बायकोनं मला सांगितलं होतं. डॉक्टरीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, या वयात वजन असं खाली येणं बरं नाही, पुढच्या वेळी असंच दिसलं तर सगळ्या तपासण्या कराव्या लागतील. परत येताना स्कूटरवर आबा माझ्यामागे बसले होते आणि मला मागे कुणी बसलंय असं वाटतच नव्हतं. माझ्या वजनाचे विनोद मी त्या दिवशी कुणाला सांगितले नाहीत.

चार-आठ दिवसांनी माझा गुडघा दुखायला लागला म्हणून रंकाळा रद्द केला आणि सरळ घरी आलो. आठची वेळ. स्वयंपाकघरात दिवा, ताट वाढलेलं, आणि आबा नाहीत. परसात बोलण्याचा आवाज येत होता. मला वाटलं चाचा असतील.

दारातून बघितलं. आबा भिंतीशी उभे होते. हातात भाकरी. भिंतीच्या वर शेळीचं तोंड, पुढचे दोन्ही पाय भिंतीवर टेकवलेले. आबा तिला सांगत होते की घाटात ब्रेक लागेना झाला तेव्हा गाडी कशी डोंगराच्या अंगाला घासत घासत थांबवली. ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल. घाटातल्या प्रत्येक वळणाला आबा एक तुकडा मोडायचे, स्वतःच्या तोंडापर्यंत न्यायचे, मग पुढचं वळण आठवलं की हात तिथंच थांबायचा, आणि तो तुकडा शेळी काढून घ्यायची. आबांना पत्ताच नसायचा. एक घास त्यांच्या तोंडात गेला तर चार तिच्या.

"आबा," मी म्हटलं.

ते दचकले नाहीत. शेळी दचकली.

"आलास व्हय आज लवकर," आबा म्हणाले. "ही बघ. ऐकती चांगली. पण खाती लई भराभर, तिच्या जोडीनं जेवायचं म्हंजी आपलं पोट भरत न्हाय."

एवढ्यात पलीकडून चाचा आले. ते म्हणाले, भाऊ, बरं झालं भेटलात, आमची शेळी दिवस मावळल्यावर पाल्याला तोंड लावत नाही, आबांची वाट बघत भिंतीला उभी राहते. पण दूध मात्र वाढलंय. "म्हणून तर तुमचा तांब्या रोज काठोकाठ भरतोय की," चाचा म्हणाले.

बायको शिकवण्या आटपून आल्यावर तिला सगळं सांगितलं. तिनं दप्तर खाली ठेवलं, पाणी प्याली, आणि शांतपणे म्हणाली, "म्हणजे मामंजींची भाकरी शेळीमार्गे तुम्हीच खात होता." डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नाचं उत्तर इतक्या थोडक्यात मला देता आलं नसतं.

पण हसून झाल्यावर प्रश्न होता तिथंच होता. मी रात्री जेवलो नाही तर आबा सुकणार, आणि जेवलो तर साखर उंबऱ्यावरून आत येऊन पाय पसरणार. मी मधला मार्ग काढला. दुसऱ्या दिवशी आठ वाजता आबांचं ताट वाढलं आणि त्यांच्यासमोर लिंबूपाण्याचा पेला घेऊन बसलो. आबांनी भाकरी मोडली, माझ्या पेल्याकडे बघितलं आणि भाकरी परत ठेवली.

मी म्हटलं, आबा, मी बसलोय की सोबत.

"बसणारं माणूस न्हाय लागत मला," आबा म्हणाले. "जेवणारं लागतं. मुक्कामाच्या गाडीत डबा उघडला की वाटायचं, आत्ता घरात सगळी जेवत असतील, मीच तेवढा हितं. आता घरात बसून बी तसंच गिळायचं असंल तर मग गाडीच काय वाईट हुती?"

हे त्यांनी ओरडून सांगितलं. आबा सगळंच ओरडून सांगतात, इंजिनशेजारी आयुष्य गेलेलं. पण त्या दिवशी मला ते फार हळू ऐकू आलं. मी उठलो आणि ताट घेऊन आलो.

पाचचा डबा दुसऱ्या दिवसापासून बंद केला. शेळीचं दूध चाचींना हात जोडून परत केलं. सकाळी एक उकडलेलं अंडं नाहीतर थोडे पोहे, दुपारी दुकानात डबा, आणि रात्री आठ वाजता आबांच्या समोर. म्हणजे आईच्या वेळी जसं होतं तसंच, फक्त मधले मिसळ-भडंगाचे पाहुणे वजा. अण्णा म्हणाले, एवढं फिरून तू जिथनं निघालास तिथंच आलास की. खरं आहे. पण जाताना चिकटलेलं वजन अजून अंगावरच होतं, ते कसं उतरवायचं?

ते आबांनीच उतरवलं, आणि त्यांना ते माहीत नाही. निदान मला तसं वाटत होतं.

पहिल्या रात्री मी नेहमीच्या वेगानं जेवलो, हात धुवायला उठलो, तर आबाही अर्धी भाकरी टाकून उठले. सोबत सुटली की त्यांचं जेवण संपतं. मी परत बसलो, आणखी भाकरी घेतली, तेव्हा त्यांनी उरलेली खाल्ली. हा हिशेब धोक्याचा होता. आबांना दात थोडे, गोष्टी फार. त्यांची एक भाकरी संपेपर्यंत माझ्या वेगानं माझ्या तीन झाल्या असत्या. म्हणजे आबा जेवते ठेवायचे तर मला शेवटपर्यंत जेवत राहायला पाहिजे, आणि साखर घालवायची तर एवढं जेवून चालायचं नाही.

मग मी माझी एक भाकरी लांबवायला शिकलो. चिमणीला टाकतो तेवढा तुकडा मोडायचा, भाजीला नुसता टेकवायचा, आणि आबांची गाडी पुढच्या स्टँडवर पोहोचेपर्यंत चावत राहायचा. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की भाकरीला स्वतःची गोडी असते. त्याआधी ती तिथं थांबलीच नव्हती कधी. दोन्ही बाजूंनी सारखं चाललं पाहिजे म्हणून माझं लक्ष सगळं आबांच्या ताटावर. ते थांबले की मी विचारायचो, मग पुढं काय झालं? आणि गोष्टीच्या धक्क्यानं हात परत सुरू व्हायचा. या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या होत्या, पण शेवट एकाही गोष्टीचा ऐकला नव्हता. मी कायम आधी जेवून उठायचो.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी आम्हाला परत काट्यावर उभं केलं. दोन्ही कागद शेजारी ठेवले. आबांचं थोडं वर, माझं थोडं खाली. आबांच्या तपासण्यांचं नाव त्यांनी काढलं नाही. मला विचारलं, शेवटी काय ठरवलंत काका, दिवसातून किती वेळा? मी म्हटलं, बाई, वेळा तीन, पण त्यातली शेवटची फार लांब असते.

साखर अजून उंबऱ्यावरच आहे, पण निदान निघायची तयारी करतेय. नवीन हूक लावलेली पँट बायकोनं परत आत घ्यायला शिंप्याकडे दिली आहे. नाराज कोण असेल तर ती शेळी. आठ वाजता भिंतीवरून तोंड वर काढते, स्वयंपाकघराच्या खिडकीतून आम्हाला बघते, आणि एकदाच ओरडते. तिचा ब्रेकच्या गोष्टीचा शेवट ऐकायचा राहिला आहे, असं आबा म्हणतात. ते अधूनमधून जेवण झाल्यावर तिला कोरभर भाकरी नेऊन देतात, आणि मी बघितलं नाही असं दाखवतो.

काल रात्री गाडी घाटात होती. ब्रेक गेले होते, मागे कुणीतरी बाई देवाचा धावा करत होती, आबांनी एका हातानं भाकरीचं स्टिअरिंग वळवलं होतं. मी माझा चिमणीचा तुकडा बोटांत धरून वाट बघत होतो. आबा बोलता बोलता थांबले आणि माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "त्यो घास कवापास्नं धरून बसलायस. गिळ की आता. घाट उतरायला अजून लई वेळ हाय."